तुम्ही लपवलं नाहीत, मी का लपवू?

अहो, तुमच्या दहाव्याला मी नदीवर जे बोलले, त्यावरून गावात अजून माझ्या नावानं खडे फोडणं चालू आहे. तिकडं तुमच्या कानाशी कुणी चहाडी करायच्या आधी मीच सगळं सांगते, म्हणजे निदान मीठमसाला न लावता कळेल.

पिंड मांडला, सगळे मागं सरले, आणि कावळा काही उतरेना. उंबरावर बसले होते की चांगले पाचसहा, काव काव करायला पुढं, पण खाली यायला एक तयार नाही. मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. आपला थोरला म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार न्हाई." तुमच्या थोरल्या बहीण आक्का वन्सं म्हणाल्या, "बाबा, तुझ्या नावानं देवीला साडीचोळी करते." तुमचे पाठचे भाऊ ज्ञानूभावजी हात जोडून म्हणाले, "दादा, देवीच्या पालखीचा मान म्या सोडणार न्हाई, बिनघोर जा." कावळे ढिम्म हलले नाहीत.

मी लांब बायकांत बसले होते. उठले. वन्संनी पदर धरला, तो सोडवून घेतला आणि पिंडासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, तुम्ही भरल्या बाजारात सांगितलंत, तरी आठ दिवस झाले, ही माणसं येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही पोटाच्या दुखण्यानं गेलात म्हणून सांगताहेत. पोटाचं दुखणं नव्हतं, उष्णता नव्हती, कुणाची करणी नव्हती. तुम्हाला लघवीच्या वाटेवरच्या गाठीचा कॅन्सर होता. ज्ञानूभावजींना तीच सुरुवात दिसतीय आणि ते लपवून बसलेत. मी त्यांना भोरच्या डॉक्टरांकडं नेणार. हा माझा शब्द."

कावळा शिवला म्हणतात. मी बघितला नाही, मी भावजींकडं बघत होते. ते मान खाली घालून वाळूत बोट फिरवत होते. त्यांच्याही ध्यानात आलं असणार. पिंडापुढं दिलेला शब्द मोडला तर गेलेल्याचा जीव मागं अडकतो, असं आपल्याकडं पक्कं मानतात, आणि भावजी तर देवीचे मानकरी. शब्द दिला मी आणि अडकले ते.

तुम्ही असता तर ओरडला असता. ओरडा. या एका गोष्टीवरून आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. तुम्ही म्हणायचात, "भाऊ माझा हाय, पण त्याची लाज त्याची हाय. ती आपुन वरबाडायची न्हाई." आणि मी म्हणायची, लाज गेली चुलीत, माणूस जगला पाहिजे. शेवटी तुम्ही कूस बदलून घ्यायचात आणि मी भांडी आपटायची. आता कूस बदलायला तुम्ही नाही. माझंच खरं करणार आहे.

तुमचं कसं सुरू झालं ते मला चांगलं आठवतंय. रात्री चारपाच वेळा उठून गोठ्यामागं जायचात आणि उभेच राहायचात. आवाज काही यायचा नाही. आल्यावर म्हणायचात, "वाघरू दिसलं म्हणून थांबलो." रोज बरं वाघरू यायचं! एकदा मी मागून आले, तर तुम्ही आपल्या ढवळ्या बैलाकडं बघत उभे. बैल निवांत धार सोडत होता. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "लेका, तुझं बरं हाय." मला हसू आलं, आणि त्या रात्रीपासून मी तुमच्या फेऱ्या मोजायला लागले.

उभ्या खोऱ्यात बैलातलं तुमच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. खोंड विकत घ्यायचा तर तुम्ही, गाय गाभण आहे का बघायची तर तुम्ही, खोंड बडवून खच्ची करायचा तरी तुम्हीच. पार पासलीपासून माणसं बोलवायला यायची. बैलाचं दुखणं चालीवरून ओळखणारा माणूस स्वतःचं दुखणं वर्षभर धोतराच्या निरीत लपवून हिंडत होता. धोतरावर रक्ताचा डाग पडला तेव्हा मी तो तुमच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "हे पण वाघरानंच केलं का?" दुसऱ्या दिवशी आपण भोरला.

माझं माहेर भोरचं, डॉक्टर माझ्या वडिलांच्या ओळखीतले. त्यांनी तुम्हाला आत नेलं, मागच्या वाटेनं बोट घालून तपासलं. तुम्ही असे तणतणत बाहेर आलात की बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. "असं कुणी तपासतं व्हय माणसाला?" मी म्हटलं, "तुम्ही गायी नाही तपासत?" तुम्ही धोतर सावरलंत. मग म्हणालात, "आता समद्या गायींची माफी मागाया पायजे." डॉक्टर आतून हसले. सगळ्यांदेखत स्वतःवर हसायला तुम्ही तिथंच सुरुवात केलीत.

डॉक्टरांनी सांगितलं, मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती वाढते आणि वाट दाबते. पुष्कळांची नुसतीच वाढते. काहींच्यात कॅन्सर निघतो. तुमची त्यांच्या बोटाला दगडासारखी लागली होती. त्यांनी पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी काय काय होणार ते आधीच सांगितलं, हे त्यांचे उपकार. बेंबीखाली चिरून गाठ काढणार. रबराची नळी राहणार. लघवी आधी लाल येईल, घाबरायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. नळी काढल्यावर काही महिने थेंब थेंब गळेल, कुणाचं लवकर थांबतं, कुणाचं उशिरा. तीन महिने ओझं नाही, नांगर नाही, बैलगाडीचे हादरे नाहीत. एवढं झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी उठले. तुम्ही माझा हात धरलात, परक्या माणसासमोर, आयुष्यात पहिल्यांदा. "तिला बी ऐकू द्या. संसार दोघांचा हाय." मग डॉक्टरांनी, खाली बघत, सांगितलं की यापुढं नवराबायकोचं पहिल्यासारखं राहील असं नाही. तुम्ही म्हणालात, "बरं." मी पण म्हटलं, "बरं." जिना उतरताना तुम्ही माझा हात सोडला नाहीत.

ऑपरेशन झालं. खाटेखाली काचेची बाटली, तिच्यात नळी. मला वाटलं होतं तुम्ही तोंड फिरवून पडाल. कसचं काय! रोज सकाळी शेजारच्या खाटेवरच्याला विचारायचात, "तुझा रंग कसा हाय रं आज? माझं कोकम झालंय." दोन दिवसांनी गुलाबी, मग चहाच्या पाण्यागत. नर्सबाई बाटली मोजायला आल्या की तुम्ही त्यांना शेरा विचारायचात, मास्तरांना मुलं विचारतात तसं. काढलेल्या गाठीचा तपास आला आणि कॅन्सर हा शब्द कागदावर आला. तुम्ही मला म्हणालात, "नाव कळलं, बरं झालं. बिननावाच्या खोंडाला आवरता येत न्हाई."

पोटाची जखम थोडी झिरपत होती म्हणून नळीसकट घरी धाडलं. नळी नंतर भोरला काढायची होती. आणि घरी आक्का वन्सं येऊन बसल्या होत्या.

वन्संवर माझा राग नाही. तुमच्यावर, धाकट्या भावावर, त्यांचा केवढा जीव, आणि पासलीच्या पंचक्रोशीत बाळंतपण करावं तर त्यांनीच. पोट चिरलेलं माणूस म्हणजे बाळंतीण, एवढं सरळ त्यांचं गणित. कोपऱ्यातली खोली शेणानं सारवली, खिडकीला गोणपाट लावलं, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. हे सगळं चाललं असतं. पण बाळंतिणीला पाणी तोडतात ना, ओलं अंग चिघळतं म्हणून, तर तुमचंही पाणी तोडलं. दिवसाला दोन वाट्या, तेही ओव्याचं उकळलेलं. मी म्हटलं, "वन्सं, डॉक्टरांनी भरपूर पाणी सांगितलंय." त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं कितीक बाळंतिणी उठिवल्यात? म्या दोन गावं उठिवली. गप ऱ्हा." थोरल्या नणंदेपुढं कोण बोलणार? आणि तुम्ही तर खूश, कारण पाणी कमी म्हणजे गळणं कमी.

तिसऱ्या दिवशी नळी बंद पडली. पोट नगाऱ्यासारखं तट्ट, तुम्ही बाजेची कड धरून घामाघूम, आणि वन्सं शेगडीत आणखी निखारे घालताहेत. मी शेगडी उचलली आणि अंगणात पालथी केली. भावजींनी गाडी जुंपली. डॉक्टरांनी हादरे नकोत म्हटलं होतं, पण दुसरं होतं काय? वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढं तांदळाची पोती नेणारा टेम्पो. कापूरहोळला टेम्पोचं चाक बसलं. तुम्ही पोत्यावर आडवे, दातात पंचा, आणि त्या पोऱ्याला म्हणताय, "सावकाश लाव रं चाक, मला कुठं मुताया जायचंय." अहो, मी रडत होते आणि मला हसू येत होतं. तुमच्यावर इतका राग आला होता मला तेव्हा.

भोरला डॉक्टरांनी पिचकारीनं नळी धुतली, काळ्या गुठळ्या निघाल्या आणि तांब्याभर सुटलं. तुमचा चेहरा पालटला. डॉक्टर मात्र संतापले, "पाणी कुणी तोडलं यांचं?" मी तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "म्याच पीत नव्हतो. कटाळा केला." बहिणीचं नाव घेतलं नाहीत. घरी आल्यावर वन्सं दारातच रडत उभ्या. तुम्ही म्हणालात, "आक्के, बाळंत तर झालो, पोर काय दिसंना. आता तांब्याभर पाणी दे." त्यांनी स्वतःच्या हातानं पाजलं, आणि नंतर महिनाभर तुमच्यामागं तांब्या घेऊन फिरल्या.

नळी निघाली. मग गळती. खोकलात, गळलं. हसलात, गळलं. उठलात, गळलं. भोरच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, लघवी करताना मधेच धरायची, मग सोडायची, रोज. तुम्ही ते गोठ्यामागं करायचात आणि बैलाला थांबवावं तसं स्वतःलाच, "हो रं... हो..." मला घरात ऐकू यायचं.

मी माझ्या जुन्या लुगड्याच्या घड्या शिवल्या, लंगोटात ठेवायला. मला ते काम नवं नव्हतं. बाईचा सगळा जन्म त्यातच जातो. घड्या धुवायच्या आणि दुसऱ्या कापडाखाली, अंधारात, कुणाला दिसणार नाही अशा वाळत घालायच्या. तुमच्याही मी तशाच घातल्या, पडवीत पोत्याआड. तुम्ही त्या उचललात आणि पुढच्या अंगणात, रस्त्याच्या अंगाला, दोरीवर ओळीनं टाकल्यात. मी धावले. "अहो, लोक बघतील!" तुम्ही म्हणालात, "बघू दे. दमट घडी घातली तर कातडं जातंय. तुमी बायका वल्या घड्या घालता, म्हणून खाजवत बसता. तुझ्याबी टाक हितंच, उन्हात." मी काही टाकल्या नाहीत, माझं वय निघून गेलं होतं. पण आपल्या सुनेनं टाकल्या. कुणाला काही बोलायची तिनं सोय ठेवली नाही, कारण सासऱ्याच्या कुठल्या आणि तिच्या कुठल्या, ते कुणाला कळणार? मी जे चाळीस वर्षं अंधारात केलं, ते तुमच्यामुळं त्या पोरीला पुढं एक दिवसही करावं लागलं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

मी म्हटलं होतं, पावसात भाताची आवणी लागेपर्यंत घरात थांबा. भाताच्या खाचरात सगळेच कमरेपर्यंत भिजलेले असतात, तिथं तुमचं कुणाला कळणार नाही. तुम्ही म्हणालात, "म्हंजे म्या चिखलातच तोंड दाखवायचं व्हय?" आणि कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात, भरल्या बाजाराच्या दिवशी वेल्ह्याला जाऊन चहाच्या हॉटेलात बसलात. त्या साली सरकारच्या नसबंदीची धामधूम होती, माणसं येष्टीतसुद्धा दबकून बसायची. खालचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचत नव्हतं. एकानं विचारलंच, "काय दादा, या वयात तुमास्नी बी धरलं? तुपाचा डबा तरी मिळाला का?" सगळं हॉटेल खिदळलं. तुम्ही उठलात. धोतर मागं ओलं झालेलं. झटकलं नाहीत, हात आड केला नाहीत. म्हणालात, "डबा न्हाई मिळाला. कॅन्सर मिळाला. ह्यो बघा, वलाय मागनं. अजून दोनचार महिने गळंल, मग थांबंल. ज्याला हसायचं त्यानं आजच हसून घ्या. आन् ज्याची धार बारीक झालीया, त्यानं हसू नये, भोरला जावं."

मी दारात उभी होते, तेलाची बाटली घेऊन. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी वाटलं, हा माझा नवरा. हा इथं उभा आहे ना, तो माझा नवरा.

चैत्रात देवीची जत्रा. पालखीचा पुढचा खांदा आपल्या घराचा. पंच येऊन, आडून आडून, बोलले, "अंगातनं गळतंय, सोवळ्याचं कसं व्हायचं?" तुम्ही म्हणालात, "देवी बी बाईच हाय. तिला वल्या कापडाचं काय नवल?" पंचांना ठसका लागला. मान काही राहिला नाही; तो ज्ञानूभावजींकडं गेला. तुम्ही वाटेवर उभं राहून पालखीवर गुलाल टाकलात आणि भावाच्या खांद्यावर, दांडीखाली, स्वतःच्या पंच्याची घडी करून दिलीत. घरी येऊन मात्र जेवला नाहीत.

म्हणून भावजी लपवतात. त्यांनी त्या दिवशी बघितलंय, कळलं की काय जातं ते.

पुढच्या वर्षी कंबर दुखायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोगाची मुळी हाडात उतरलीय. ती ज्या रसावर पोसते तो रस थांबवायचा, म्हणजे दोन्ही वृषण काढायचे. त्यानं रोग बरा होणार नाही, पण दबून राहील. तुम्ही घरी येऊन चार दिवस कुणाशीच बोलला नाहीत. खोऱ्यातले सगळे खोंड ज्यानं खच्ची केले, त्याच्यावर ही वेळ. लोक काय काय म्हणतील, ते तुम्हाला म्हणायच्या आधीच ऐकू येत होतं. मलाही येत होतं.

पाचव्या दिवशी दोघंच ओसरीवर होतो. तुम्ही भिंतीकडं तोंड करून म्हणालात, "भोरकरणी, आता तुला माझा काय उपेग?" मला असा संताप आला! म्हटलं, "मला काय दारात बांधायला वळू पाहिजे होता? चाळीस वर्षं झाली, तुमचं घोरणं ऐकत झोपते मी. ते बंद पडलं तर मला झोप येणार नाही, एवढंच मला कळतं. बाकीचं न्या पुण्याला आणि टाका." तुम्ही वळलात. हसायला लागलात, आणि हसता हसता रडायला लागलात, आणि मीही. मग डोळे पुसून म्हणालात, "खरं हाय तुझं. वळू नुसता गावभर उकिरडं फुकत हिंडतो. नांगर वढतो तो बडिवलेला बैलच."

हेच वाक्य तुम्ही ऑपरेशन करून आल्यावर बाजारात सांगत सुटलात. टोमणा मारायला कुणाला जागाच ठेवली नाहीत. कंबर खरंच हलकी झाली. दोन आवण्या तुम्ही बांधावर बसून करवल्यात, एका खोंडाला नांगराला चालायला शिकवलंत. दोन वर्षं. लोक म्हणतात, शेवटी गेलेच ना, मग एवढी चिरफाड कशाला केली? मी त्यांना म्हणते, दोन वर्षं तुम्हाला फुकट वाटतात, तर तुमच्यातली देऊन टाका मला.

त्या दोन वर्षांत गोठ्यामागं माणसं यायला लागली. चांगली मिशाळ माणसं, इकडंतिकडं बघत, "दादा, जरा खाजगी हाय." तुम्ही मुद्दाम म्हणायचात, "मोठ्यानं बोल, मला ऐकू येत न्हाई." अहो, कान तुमचे सशाचे! दरवाजातून ऐकून मला कळायचं, कुणाची धार बारीक, कुणाला रात्रीचं उठावं लागतं. कितीतरी जण भोरला गेले. पुष्कळांची नुसती वाढलेली निघाली, गोळ्यांवर भागलं. एक वाणी तर ऑपरेशन होऊन आता दुकानात पहिल्यासारखा बसतो. फक्त सख्खा भाऊ आला नाही. भजनाला जायचं सोडलं त्यांनी, मधेच उठावं लागतं म्हणून. येष्टीनं जायचं सोडलं. लग्नाला जायचं तर आदल्या दिवसापासून पाणी तोडायचे. मला दिसत होतं, तुम्हालाही दिसत होतं, आणि तुम्ही म्हणायचात, त्याची लाज त्याची हाय.

शेवटी तुमची हाडं इतकी दुखायची की चादर लागली तरी ओरडायचात. तेव्हाही एकदा भावजी पाय चेपायला बसले होते आणि तीनदा उठून बाहेर गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. अहो, त्या बघण्याचा अर्थ काय होता? "बघ, सांगू नकोस" असा होता, की "बघ, आता तू सांग" असा? मी तो माझ्या सोयीनं लावलाय. चुकला असेल तर चुकू दे.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी भावजी अंगणात येऊन उभे राहिले. वर आले नाहीत. "वयनी, तुमी मला चांगलं कोंडलं. माझी लाज काढली चारचौघांत." मी म्हटलं, "काढली." म्हणाले, "पंच पालखी काढून घेतील." म्हटलं, "घेतील. तुमच्या दादाकडनं पण घेतली. ते मेले ते पालखी गेली म्हणून नाही, वर्षभर लपवलं म्हणून. धोतराला रक्त लागायच्या आधी गेलो असतो तर आज ते इथं बसून तुमच्यावर हसले असते." ते अंगणाच्या कडेपर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "शब्द दिलाय तुमी दादाला. मोडला तर त्यो अडकंल." आणि भोरच्या गाडीची वेळ विचारायला लागले. रागानं आले भावजी, रागानंच निघाले, पण निघाले.

आज वेल्ह्याहून भोरची गाडी धरली. भावजी खिडकीशी, तोंड बाहेर. गाडी खच्चून भरलेली, ओळखीची माणसं, दोन पंच पुढच्याच बाकावर. नसरापूर मागं पडलं आणि भावजींचा पाय हलायला लागला. गुडघ्यावर मूठ आवळलेली, कपाळावर घाम. मला सगळं कळत होतं. मी सांगणार होते कंडक्टरला, तोंडापर्यंत आलं होतं. पण तुमचं ऐकलं एकदाचं. गप्प बसले. त्यांची लाज त्यांची.

कापूरहोळच्या अलीकडं ते उभे राहिले. दांडा धरून, पालखीपुढं देवीचा गजर करतात त्या आवाजात म्हणाले, "डायवर, गाडी थांबवा. मला मुताया जायचंय. आजार हाय मला."

गाडी थांबली. भावजी माणसांतून वाट काढत उतरले. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. मी तोंड उघडून तयारच होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठला आणि काही न बोलता उतरला. मग टोपीवाला एक. मग पुढच्या बाकावरच्या दोन पंचांपैकी एक, काठी टेकत. रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीसमोर चौघं ओळीनं उभे, चौघांच्याही पाठी आमच्याकडं, आणि चौघांनाही वेळ लागत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

ते चढले. गाडी सुरू झाली. पंच काठी सावरत भावजींच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ज्ञानबा, कुठल्या डॉक्टरकडं चाललास?"

भावजींनी माझ्याकडं बोट केलं. "वयनीला इचारा. आन् मोठ्यानं इचारा."

मी सांगायला लागले. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, भोर येईपर्यंत सांगत होते.